तान्ह्या मुलांचे खुबे व परिचारिकांचे दवाखाने

मूल वर्षसव्वावर्षाचें झालें, कठडा धरून उभें राहूं लागलें, आणि एके दिवशीं हात सोडून त्यानें चार पावलें टाकलीं, कीं घरांत आनंदाला पारावार राहत नाहीं. परंतु कांहीं घरांत या आनंदाला लगेच एक बारीक शंका चिकटते. मूल चालतें खरें, पण बदकासारखें डुलत चालतें. किंवा एका अंगाला झुकतें. किंवा त्याची एक टांच जमिनीला टेकतच नाहीं. आजी म्हणते, अंगानें जड आहे म्हणून तसें चालतें. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. असे चारसहा महिने जातात. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून हाडांच्या डॉक्टरांकडे जाणें होतें, क्ष-किरणांचें चित्र निघतें, आणि कळतें कीं मांडीच्या हाडाचें डोकें आपल्या उखळींत कधीं नीट बसलेलेंच नव्हतें. तोंवर भूल देऊन सांधा बसविणें, बहुधा शस्त्रक्रिया करणें, आणि कमरेपासून पायापर्यंत प्लास्टरांत महिनेच्या महिने घालविणें, यावांचून गत्यंतर उरलेलें नसतें. हाच दोष जन्मानंतर दीडदोन महिन्यांत उमगता, तर कापडाच्या चार पट्ट्यांनीं तो बहुतेक मुलांत दुरुस्त होऊं शकला असता. हा दोष कसा ओळखला जातो, त्यावरचा पट्ट्यांचा उपचार घरीं कसा पार पडतो, आणि तो चालविणाऱ्या परिचारिकांच्या दवाखान्यांविषयीं आईबापांचें समाधान कितपत होतें, हा या भाषणाचा विषय आहे.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोंकाला चेंडूसारखें गोल डोकें असतें, आणि कमरेच्या हाडांत त्याच्यासाठीं वाटीसारखी उखळी असते. दोन्ही मिळून खुब्याचा सांधा होतो. नवजात मुलांत हीं अंगें पुरतीं हाडाचीं झालेलीं नसतात. पुष्कळसा भाग मऊ कूर्चेचा असतो. उखळीला खोली येते ती आंत डोकें बसून हलत राहिल्यामुळें. कुंभार ओल्या मडक्याच्या आंत दगड धरतो आणि बाहेरून थापटतो, तेव्हां मडक्याला गोलाई येते. आंतला दगडच काढून घेतला तर मडकें वेडेंवांकडें व्हावयाचें. खुब्याचेंहि तसेंच आहे. डोकें बाहेर राहिलें म्हणजे उखळी उथळ राहते, आणि उखळी उथळ राहिली म्हणून डोकें पुनः बाहेर घसरतें. इंग्लंडांत हजारीं एकदोन मुलांना या दोषासाठीं उपचार करावे लागतात. मुलग्यांपेक्षां मुलींत तो कितीतरी अधिक. उजव्यापेक्षां डाव्या खुब्यांत अधिक. आईबापांपैकीं किंवा भावंडांपैकीं कोणाला तो होता, त्या घरांत अधिक. आणि आईच्या पोटांत डोकें वर ठेवून जीं मुलें बुडाकडून किंवा पायाकडून जन्मतात त्यांच्यांत अधिक. महाराष्ट्रांत पायाकडून जन्मलेल्याला पायाळू म्हणतात, आणि कमरेंत लचक भरली कीं त्याचा पाय लावून घेतात. ज्याच्या पायाला लोक एवढा गुण मानतात, त्याच्याच खुब्याकडे जन्मतः पाहण्याचें कोणाला सुचत नाहीं, ही मोठी चमत्कारिक गोष्ट म्हणावयाची.

या दोषाची अडचण अशी कीं, तो दुखत नाहीं. मूल रडत नाहीं, दूध टाकीत नाहीं, ताप येत नाहीं. म्हणून तो हातानें शोधावा लागतो. इटलींतील फेरारा या शहरीं मरीनो ओर्तोलानी नांवाचे बालवैद्य होते. मुलाला धुतांना त्याच्या मांडींत कांहीं तरी खटकतें, असें एका आईनें त्यांना सांगितलें, आणि त्यावरून त्यांचें लक्ष इकडे वेधलें, अशी हकीकत सांगतात. मुलाला उताणें निजवून गुडघे दुमडावे, मांड्या हळूच बाहेर फांकवाव्या, आणि बोटानें खुब्याला मागून किंचित् उचल द्यावी. निखळलेलें डोकें उखळींत शिरतांना हाताला खटका जाणवतो. ही खूण ओर्तोलानींनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९६२ सालीं मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड येथील बार्लो यांनीं दुसरी परीक्षा सांगितली: आंत असलेलें पण सैल असलेलें डोकें मागें दाबून बाहेर घसरतें कीं काय, तें पाहणें. ऑस्ट्रियांतील ग्राफ यांनीं १९८० सालीं अल्ट्रासाउंडनें तान्ह्या मुलाचा खुबा पाहण्याची रीत दिली, तेव्हां जें हाताला केवळ जाणवत होतें तें डोळ्यांना दिसूं लागलें. आज इंग्लंडांत प्रत्येक मुलाचे खुबे जन्मानंतर ७२ तासांच्या आंत एकदां आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पुनः एकदां तपासतात. शंका आली किंवा वर सांगितलेलें कारण असलें, तर अल्ट्रासाउंड करतात.

उपचार मात्र साधा आहे. पूर्वी अशा मुलांचे पाय फांकवून ताठ प्लास्टरांत घालीत. सांधा बसे, पण पुष्कळदां त्या जबरदस्तीनें डोक्याचा रक्तपुरवठा तुटे आणि डोकेंच झिजून जाई. चेकोस्लोव्हाकियांतील आर्नोल्ड पाव्हलिक या शस्त्रवैद्यांना वाटलें कीं, ज्या सांध्याला हालचालीनें आकार येतो त्याला जखडून कसें चालेल? त्यांनीं चामड्याचे पट्टे केले; एक छातीभोंवतीं, दोन खांद्यांवरून, आणि दोन्ही पायांना पुढून व मागून आधार देणारे. या पट्ट्यांत मुलाचे गुडघे वर दुमडलेले व मांड्या फांकलेल्या राहतात. मूल लाथा झाडूं शकतें, फक्त पाय सरळ ताणूं शकत नाहीं, आणि त्याच्याच लाथांनीं डोकें उखळींत घर करतें. त्यांचा जर्मन भाषेंतील निबंध १९५७ सालीं निघाला, आणि पुढें हे पट्टे जगभर गेले. आतां ते मऊ कापडाचे असतात, पण नांव पाव्हलिकचेंच आहे.

साधा उपचार आणि सोपा उपचार या दोन गोष्टी निराळ्या आहेत. नुकतें जन्मलेलें मूल, त्याचे हातपाय मोकळे पाहावयाचे दिवस. आणि आईच्या हातीं तें पट्ट्यांनीं बांधून येतें. हे पट्टे सहा ते बारा आठवडे, बहुधा रात्रंदिवस, अंगावर राहावयाचे असतात. दवाखान्यांत सांगतील तेव्हांच ते सुटावयाचे. घरीं कोणी सोडावयाचे नाहींत. म्हणजे न्हाणें बंद, अंग ओल्या फडक्यानें पुसणें. लंगोट बदलावयाचा तो पट्ट्यांच्या खालून, आणि बदलतांना दोन्ही टांचा धरून मूल उचलण्याची जुनी संवय सोडून बुडाखालीं हात घालावयाचा. मानेच्या व गुडघ्यामागच्या वळ्यांत ओल राहिली कीं कातडी लाल होते. पाजतांना नेहमींची मांडी जमत नाहीं. आणलेले कपडे बसत नाहींत. कुशीवर निजविण्याची सोय नाहीं. त्यांत पाहुणे येतात आणि विचारतात, याला बांधून कां ठेवलें आहे? तान्ह्याच्या आईला हा प्रश्न विचारूं नये इतकी समज जगांत अद्याप आलेली नाहीं. तिच्या मनांत आधींच खळबळ चाललेली असते, कीं दिवस गेले असतां चुकीचें उचललें काय, वांकडें निजलें काय, कुठें आपटलें काय. यांपैकीं कशानेंहि हा दोष होत नाहीं; पण तें तिला कोणी तरी सांगावें लागतें, आणि एकदां सांगून भागत नाहीं.

रात्रीं दोन वाजतां मूल रडत असतां आईचा हात आपोआप त्या पट्ट्यांकडे जातो. त्या क्षणीं उपचार टिकतो कीं मोडतो, हें तेथें ठरतें. वैद्याचा हात मुलाला आठपंधरा दिवसांतून कांहीं मिनिटें लागणार, आईबापांचा चोवीस तास. या रोगांत औषध देणारे खरोखर तेच असतात. त्यांना काय वाटतें, काय समजलें आहे, कोणावर भरंवसा आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ सभ्यतेचा राहत नाहीं. तो उपचाराचाच भाग होतो.

मोठ्या रुग्णालयांतील शस्त्रवैद्यांच्या दवाखान्यांत या गोष्टीला वेळ मिळणें कठीण. तेथें मोडलेले हात, वांकडे कणे, शस्त्रक्रिया झालेलीं मुलें, सारीं एका रांगेंत; आणि शिकाऊ डॉक्टरांच्या बदल्या होत असल्यामुळें दर खेपेस नवें तोंड. पट्टे कसे आहेत हें एकजण पाहतो, पुढच्या खेपेस दुसरा निराळें सांगतो, आणि आईबाप गोंधळतात. यावर इंग्लंडांतील व इतर कांहीं देशांतील कित्येक रुग्णालयांनीं असा तोड काढला कीं, तान्ह्या मुलांच्या खुब्यांचा दवाखाना अस्थिरोगांचें विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेकडे, कोठें व्यायामोपचार जाणणाऱ्या तज्ज्ञाकडे, सोंपवावयाचा. ती खुबे तपासते, पट्टे बांधते, कांहीं ठिकाणीं अल्ट्रासाउंडहि स्वतःच करते, आणि मूल वाढेल तसे आठपंधरा दिवसांनीं पट्टे सैल करून देते. बाहुलीला पट्टे बांधून आईबापांकडून लंगोट बदलवून घेणें, कातडीची काळजी दाखविणें, मोटारींत मुलाला कसें बसवावें तें सांगणें, हींहि तिचींच कामें. शिवाय ती एक टेलिफोनचा नंबर देते. या नंबराचें मोल बाहेरच्या माणसाला कळावयाचें नाहीं.

ही नुसती गोड बोलण्याची नोकरी आहे असें मात्र कोणी समजूं नये. पट्टा फार आवळला, मांडी प्रमाणाबाहेर वर दुमडली, तर मांडीच्या पुढची शीर दबते आणि मूल त्या पायाचा गुडघा झाडीनासें होतें. दर खेपेस मूल लाथ मारतें कीं नाहीं हें पाहणें म्हणूनच खेळ नव्हे, ती तपासणी आहे. मांड्या अति फांकविल्या, तर डोक्याच्या रक्तपुरवठ्याला धोका. आणि तीनचार आठवड्यांत डोकें उखळींत शिरलेंच नाहीं, तर पट्टे चालू ठेवण्यांत हित नसतें, उलट बाहेरचें डोकें उखळीच्या मागच्या कडेवर घासून तिलाच बिघडवितें. तेव्हां पट्टे काढून मूल शस्त्रवैद्याच्या हवालीं करावें लागतें. केव्हां थांबावें हें जिला कळतें तिच्याच हातीं हा दवाखाना द्यावा, आणि तिच्या पाठीशीं शस्त्रवैद्य हांकेच्या अंतरावर असावा. चांगल्या दवाखान्यांत हा नियम कागदावर लिहिलेला असतो.

परिचारिकेनें असा दवाखाना चालवावा ही कल्पना नवी वाटते, पण तशी ती नवी नाहीं. अ‍ॅग्नेस हंट या बाई १८६६ सालीं इंग्लंडांत जन्मल्या. बाळपणीं रक्त दूषित होऊन त्यांचा खुबा कायमचा बिघडला, आणि तशा पायानेंच त्यांनीं परिचारिकेचें शिक्षण पुरें केलें. १९०० सालीं श्रॉपशायरमधील बास्चर्च या खेड्यांत त्यांनीं एक विश्रामगृह काढलें, आणि तेथें पांगळीं मुलें येऊं लागलीं. जिन्यावरून मुलें वाहून नेणें जमेना, म्हणून खाटा अंगणांतल्या उघड्या छपरींत ठेवल्या, आणि मोकळ्या हवेनें मुलें सुधारलेलीं पाहून तोच तेथील परिपाठ झाला. स्वतःच्या खुब्यासाठीं त्या लिव्हरपूलचे नामांकित शस्त्रवैद्य रॉबर्ट जोन्स यांच्याकडे गेल्या, आणि पुढें जोन्स स्वतः बास्चर्चला येऊन मुलांवर शस्त्रक्रिया करूं लागले. परंतु बाईंच्या ध्यानांत आलें कीं, मूल बरें होऊन घरीं गेलें कीं पट्टे सुटतात, टेकू मोडतात, आणि केलेली शस्त्रक्रिया वायां जाते. तेव्हां आसपासच्या गांवीं त्यांनीं देखरेखीचे दवाखाने उघडले. ते परिचारिका चालवीत. शस्त्रवैद्य अधूनमधून येई. १९२१ सालीं रुग्णालय ऑस्वेस्ट्रीजवळ गेलें, आणि आज त्याला जोन्स व हंट या दोघांचींहि नांवें आहेत. १९२६ सालीं बाईंना ‘डेम’ हा किताब मिळाला. १९४८ सालीं त्या वारल्या. शस्त्रवैद्याच्या नांवाबरोबर परिचारिकेचें नांव रुग्णालयाला असावें, ही गोष्ट विरळा.

आतां समाधानाचा प्रश्न. दवाखाना आवडला काय, हें रुग्णालयें आईबापांना छापील प्रश्नपत्रिका देऊन विचारतात. केवळ खुब्यांच्या नव्हे, तर परिचारिकांनीं डॉक्टरांच्या जागीं बसून चालविलेल्या सर्वसाधारण दवाखान्यांसंबंधानें कॉक्रन या संस्थेनें २०१८ सालीं १८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. रोग्यांचें समाधान परिचारिकांकडे थोडें अधिक, भेटीचा वेळ अधिक, आणि प्रकृतीचा परिणाम डॉक्टरांइतकाच किंवा किंचित् बरा, असा त्याचा निष्कर्ष निघाला. तान्ह्यांच्या खुब्यांच्या बाबतींत समाधानाचीं कारणें कोणींहि ओळखावीं अशींच आहेत: तेंच माणूस पुनः भेटतें, मुलाला नांवानें हांक मारतें, मागच्या खेपेचें दुखणें त्याला आठवतें, आणि प्रश्न मूर्खपणाचा असला तरी हंसत नाहीं. बापांना दाखवून दिलेलें अधिक रुचतें, आयांना ऐकून घेतलेलें, असेंहि कोणी म्हणतील. पण लंगोट बदलण्याच्या वेळीं हा भेद फार टिकत नसावा. तक्रारी असतात त्याहि बहुधा दवाखान्याबाहेरच्या: दर पंधरवड्याचा लांबचा प्रवास, मोटारी उभ्या करण्याची अडचण, आणि गांवच्या डॉक्टरानें किंवा नातलगानें दिलेला उलटा सल्ला.

परंतु या समाधानाचा अर्थ करतांना जपलें पाहिजे. वर्गांतील मुलांना गुरुजी आवडतात एवढ्यावरून त्यांचीं गणितें बरोबर येतात असें ठरत नाहीं. वही तपासावी लागते. येथें वही म्हणजे अल्ट्रासाउंड, आणि पुढें क्ष-किरणांचें चित्र. त्यांतहि एक गोम आहे. बार्लो यांनीं जेव्हां नवजात मुलें पाहिलीं तेव्हां दर साठांत एकाचा खुबा सैल आढळला. पण त्या सैल खुब्यांपैकीं निम्म्याहून अधिक पहिल्या आठवड्यांतच आपोआप घट्ट झाले, आणि दोन महिन्यांत शंभरांतील ८८ घट्ट झाले. म्हणजे निसर्गानें केलेल्या कामाबद्दल दवाखान्याचे आभार मानणारे आईबापहि पुष्कळ असावयाचे. शिवाय ज्यांनीं कंटाळून पट्टे काढून टाकले आणि येणेंच सोडलें, त्यांची प्रश्नपत्रिका कोण भरून घेतो? जो दवाखाना आपल्या समाधानाचे आंकडे सांगतो, त्यानें मुलें चालूं लागल्यावर त्यांपैकीं किती सरळ चालतात, किती परत आलीं, आणि किती मुलें उशिरा, दुसऱ्याच दारानें, शस्त्रक्रियेला आलीं, हेंहि त्याच कागदावर छापावें. आईबापांना खरें समाधान त्यानेंच व्हावयाचें.

खुब्यांचें हित दवाखान्यांतच होतें असेंहि नाहीं. जपानांत तान्ह्या मुलांचे पाय सरळ करून लांब लंगोटांत घट्ट गुंडाळण्याची चाल होती, आणि तेथें हा दोष फार आढळे. १९७५ च्या सुमारास तेथील वैद्यांनीं आयांना व सुइणींना मुलाचे पाय मोकळे, दुमडलेले राहूं देण्यास शिकविण्याची मोहीम काढली, आणि दोषाचें प्रमाण शेंकडा एकाच्या वर होतें तें एकपंचमांशाच्या खालीं आलें. शिकविणें हें केवढें औषध आहे याचा याहून ठळक दाखला मिळणें कठीण. महाराष्ट्रांत मुलाला कडेवर घेण्याची रीत आहे. मांड्या फांकलेल्या, गुडघे दुमडलेले, म्हणजे जवळजवळ पाव्हलिकचीच बैठक, आणि ती खुब्याला हितकर मानतात. पण कडेवर घेणें येतें मूल मान धरूं लागल्यावर. त्याआधींचे दोनतीन महिने दुपट्यांत पाय सरळ करून आवळून बांधण्यांत, आणि न्हाऊं घालतांना पाय खेंचून ताणण्यांत जातात. हात गुंडाळावे, पाय सैल सोडावे, एवढा फरक केला तरी दुपट्याची ऊब कांहीं कमी होत नाहीं.

भारत सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं सुरू झाला तो महाराष्ट्रांत, पालघर येथें. त्या वेळीं पालघर ठाणें जिल्ह्यांत होतें. स्वतंत्र जिल्हा तें १ ऑगस्ट २०१४ पासून झालें. या कार्यक्रमांत जे जन्मजात दोष शोधावयाचे त्यांच्या यादींत वांकडीं पावलें व दुभंगलेला ओंठ यांच्याबरोबर खुब्याचा हा दोषहि आहे. प्रसूति जेथें होते तेथें तेथील डॉक्टर व परिचारिका मूल पाहतात. घरीं गेल्यावर पहिले सहा आठवडे आशा कार्यकर्ती येऊन पाहते. ओंठ दुभंगलेला असला तर तो कोणालाहि दिसतो, पावलें वांकडीं असलीं तर दिसतात; खुबा दिसत नाहीं. दोन्ही गुडघे दुमडून त्यांची उंची सारखी आहे कीं नाहीं, दोन्ही मांड्या सारख्या फांकतात कीं एक अडते, एवढें पाहण्यास घोंगडीवर दोन मिनिटें पुरतात. मूल बुडाकडून जन्मलें होतें काय, हें विचारण्यास तेवढींहि लागत नाहींत.

शोध लागल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू होते. जव्हार किंवा मोखाडा तालुक्याच्या एखाद्या पाड्यावरून तान्हें मूल घेऊन दर पंधरवड्यास जिल्ह्याच्या गांवीं जावयाचें, तेथें पट्टे बोटभर सैल करून घ्यावयाचे, आणि दिवसाची मजुरी बुडवून रात्रीं परत यावयाचें, असें सहा वेळां कोणत्या आईबापांकडून होईल? पट्टे बांधणें एकदां शस्त्रवैद्यानें किंवा त्याच्या देखरेखीखालीं करावें. पण ते सैल करणें, लाथ तपासणें, कातडी पाहणें, आणि घाबरलेल्या आईशीं दहा मिनिटें बोलणें, हीं कामें तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतील शिकून तयार झालेली परिचारिका करूं शकेल. बास्चर्चच्या बाईंनीं आसपासच्या गांवीं जें केलें तें याहून फार निराळें नव्हतें, आणि त्यांच्या वेळीं तेथील रस्तेहि फारसे चांगले नव्हते.